युझूचं सॉर्बे आणि एक वीट

निशिकासाईकर (धागाकर्ती), १८ डिसेंबर

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या दाराला एक पिशवी अडकवून ठेवली होती. आत चौदा युझू (लिंबाच्या जातीचं जपानी फळ) आणि एक चिठ्ठी: ‘आंघोळीला.’ आजींचं माहेर शिकोकू बेटावर, कोची प्रांतात. जपानातला जवळजवळ निम्मा युझू तिथंच पिकतो. दरवर्षी भावाकडून त्यांना पेटी येते आणि त्यातला वाटा जिना चढून आमच्यापर्यंत पोचतो.

आंघोळीला म्हणजे खरंच आंघोळीला. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, २१-२२ डिसेंबरला, इथं जपानात गरम पाण्याच्या टबात अख्खे युझू सोडतात. त्या दिवसाला ‘तोजी’ म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यात राहून घ्यायच्या उपचारालाही तोजीच म्हणतात, फक्त लिहिताना अक्षरं वेगळी. म्हणजे प्रथेच्या मुळाशी चक्क कोटी आहे. सर्दी होत नाही म्हणे. मला पहिल्या वर्षी नरकचतुर्दशीची पहाट आठवली होती, फक्त उटण्याच्या जागी तरंगणारी पिवळी फळं.

सहा टबासाठी बाजूला काढली. उरलेल्या आठांचं सॉर्बे (दुधाशिवायचं, रस गोठवून केलेलं आइस्क्रीम) करायला घेतलं, त्यावर हा धागा.

पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: लहान मोसंबीएवढं फळ, साल जाड आणि खडबडीत, दाबलं की आत पोकळ लागतं. कापलं की बियाच बिया. मी एकात बावीस मोजल्या. पिळून पिळून एका फळातून रस निघतो एक मोठा चमचाभर. वास मात्र संत्र्याचा गोडवा, लिंबाची धार आणि मागून काहीतरी हिरवं, पान चुरगळल्यासारखं. हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो.

पहिली खेप अशी: रस १०० मिली, पाणी ३५० मिली, साखर ८० ग्रॅम. साखर एवढीशी, कारण सासरे सध्या आमच्याकडे आहेत, त्यांची शुगर, आणि माझा ‘फार गोड नको बाई’चा बाणा. साली जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. डबा रात्रभर फ्रीजरला. सकाळी चमचा वाकला. १०० येनच्या दुकानातला होता हे मान्य, पण वाकला. नवऱ्याने डबा ओट्यावर उलटा आपटला तर एक पिवळट चौकोनी वीट सटकली आणि सिंकमध्ये जाऊन बसली. कर कटावर ठेवून कोणी उभं राहायचं तेवढं बाकी होतं. चाटून पाहिली. आंबट बर्फ. युझू आहे हे सांगावं लागलं असतं.

आजींना सांगितलं. त्या आधी भरपूर हसल्या, मग एकच प्रश्न विचारला, “साल टाकलीस?” आणि आणखी सहा फळं दिली. दोन मी सुपरमार्केटातून आणली.

जमलेल्या खेपेचं प्रमाण: रस १०० मिली, पाणी ३५० मिली, साखर १५० ग्रॅम, मिझुआमे ४० ग्रॅम, दोन युझूंची किसलेली साल, चिमूटभर मीठ. मिझुआमे हा स्टार्चपासून केलेला बिनरंगी घट्ट पाक, मधासारखा ओघळतो. भारतात केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते चालेल.

साल किसताना फक्त पिवळा भाग घ्यायचा, पांढरं लागलं की थांबायचं. किस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, भिजल्या वाळूसारखी हाताला लागते आणि पिवळट दिसायला लागते. सगळी गंमत इथं आहे. सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. झाकून अर्धा तास ठेवायची. मग पाणी कोमट-गरम करून ही साखर आणि मिझुआमे विरघळवायचं. उकळायचं नाही. पूर्ण गार झाल्यावरच रस आणि मीठ घालायचं. रस तापवला तर वास घरभर होतो आणि डब्यात काही उरत नाही.

मिश्रण चार तास फ्रीजमध्ये, मग स्टीलच्या पसरट डब्यात फ्रीजरला. (ॲल्युमिनियम नको, आंबट आहे.) कडा धरल्या की काट्याने खरवडून मधे आणायच्या. दर चाळीस मिनिटांनी, चारदा. शेवटी मिक्सरमधून एकदा फिरवून परत फ्रीजर. माझा मिक्सर पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा, इथं भिंतीतून येतात १००. त्यामुळे खाली तांदळाच्या डब्याएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि आवाज असा की रात्री आठनंतर आमच्या घरी सॉर्बे बंद.

पिळलेल्या अर्ध्या साली आतून चमच्याने साफ करून गोठवल्या आणि त्यातच वाढलं. याला ‘युझुगामा’ म्हणतात, कामा म्हणजे हंडा. फोटो नाही. भरल्या आणि संपल्या.

---

दुपारचाचहा

तोंडाला पाणी सुटलं! पण फोटो नाही म्हणजे पुरावा नाही. आणि कोची म्हणजे आपलं केरळातलं ना? तिथून जपानात पेटी??

---

निशिकासाईकर

नाही हो, हे जपानचं कोऽची, ‘को’ लांबवायचा. मीही पहिल्यांदा आजींना “अरे वा, माझा मामा तिथं नोकरीला होता” असं म्हणून बसले होते.

---

मास्तर_मोड

पाककृती उत्तम. पण जपानीत त्या शब्दातले दोन्ही उकार ऱ्हस्व आहेत. ‘युझु’ लिहावं.

---

भोचकभवानी

मास्तर, मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, हा तुमच्याच पुस्तकातला नियम. युझूच बरोबर. आणि बोलताना मराठी माणसाला सोपं आहे: जगातला ज, जेवणातला नव्हे.

अवांतर: सॉर्बे म्हणजे शेवटी सरबतच की. अरबीतल्या ‘पिणे’वरून शरबत, तिथून तुर्कांकडे, तिथून इटली-फ्रान्स फिरून थंडीने कडक होऊन परत. आपल्याकडे थेट आलं म्हणून पातळ राहिलं.

---

निशिकासाईकर

खी खी. इथं दुकानात त्याला ‘शाबेत्तो’ म्हणतात, आणि दोनशे येन जास्त लावायचे असले की ‘सोरुबे’.

---

खडेमीठ

विटेबद्दल थोडं. ताईंनी साखर गोडीसाठी मोजली, पण सॉर्बेत साखरेचं पहिलं काम गोडीचं नसतंच.

मिश्रण गोठतं तेव्हा बर्फ होतो तो फक्त पाण्याचा. साखर मागे उरते. पाणी जसजसं बर्फात जातं तसतसा उरलेला पाक दाट होतो, आणि दाट पाकाला गोठायला आणखी थंडी लागते. घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांना बऱ्यापैकी पाक न गोठलेला राहतो आणि बर्फाच्या कणांमधे वंगणासारखा बसतो. चमचा आत जातो तो त्याच्यामुळे.

हिशेब करा. पहिल्या खेपेत ५३० ग्रॅममधे ८० ग्रॅम साखर, म्हणजे १५ टक्के. वंगणच नाही. दुसऱ्या खेपेत मिझुआमेतली धरून ३० टक्क्यांच्या आसपास. सॉर्बे २५ ते ३० मधे नीट बसतं. फार वर गेलात तर उलटी तऱ्हा, रात्रभर ठेवूनही राबडी. मिझुआमे साखरेपेक्षा कमी गोड असतं आणि त्यातल्या लांब साखळ्यांमुळे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत, त्यामुळे ते घातलं ते उत्तम.

मोजायला काही नसेल तर जुनी युक्ती: धुतलेलं ताजं अंडं मिश्रणात सोडा. बुडालं तर साखर कमी. रुपयाच्या नाण्याएवढं टोक वर दिसलं तर बरोबर. आडवं होऊन तरंगायला लागलं तर पाणी घाला.

माझं नाव कशावरून ते विचारू नका. विचारलंच तर: आमच्याकडे मे महिन्यात हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट निघायचा. लाकडी बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग खडेमीठ. मीठ टाकलं की बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढतो, त्यामुळे ते खारं पाणी शून्याच्या पुष्कळ खाली जातं. एका वर्षी मोसंबीच्या रसाचा प्रयोग होता, हँडल माझ्याकडे, झाकण नीट बसलेलं नव्हतं. आजोबांनी पहिला चमचा खाल्ला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सरबतात मीठ असतंच.” आणि वाटी संपवली.

---

वाचकमात्र

आजोबांना दंडवत.

पण मग ज्यांना साखर चालत नाही त्यांनी काय करायचं? बिनसाखरेची गोळी टाकून?

---

निशिकासाईकर

गोळीने गोड होईल, मऊ होणार नाही. खडेमीठ यांनी सांगितलंच आहे, वजनाने साखर लागते. मी सासऱ्यांना सरळ दोन चमचे देते, तेही जेवणानंतर लगेच. त्यांनी वीट मागितली होती, “तीच दे, निदान संपत नाही.”

---

फेणीवाला

साखर थोडी कमी करायची तर एक मोठा चमचा दारू घाला की. अल्कोहोल त्या थंडीत गोठत नाही, त्यामुळे तेही वंगणाचंच काम करतं. व्होडका म्हणतात सगळे. मी गोव्यातल्या म्हापशाचा, मी फेणीच म्हणणार.

---

भोचकभवानी

काजूची फेणी घातल्यावर युझू शोधायला पोलीस बोलवावे लागतील. दिवे घ्या.

---

फेणीवाला

घेतले. मग उर्राक, काजूच्या रसाची एकदाच गाळलेली दारू. हलकी असते, वासही सौम्य. पण ती मार्चनंतर, तोवर युझू कुठला? ऋतू जुळत नाहीत, हे खरं दुःख.

---

निशिकासाईकर

मी शोचू (इथली जपानी दारू) घालून पाहिली, एक मोठा चमचा, सगळ्या डब्याला. काढल्या काढल्या वाढता येतं. दोन चमच्यांना मात्र चिखल झाला. लहान मुलं असतील तर नकोच.

---

संत्रानगरी

नागपूरहून सप्रेम. इथं युझू नाही म्हणून रडणाऱ्यांनी जरा आपल्या पिशवीत बघावं. युझू हा संकर आहे, एका बाजूला इचांग पापेडा नावाचं चिनी रानलिंबू आणि दुसऱ्या बाजूला मँडरिन. आणि नागपुरी संत्रं मँडरिनच. म्हणजे नातं सख्खं नसलं तरी पंगतीला बसवण्याइतकं जवळचं आहे.

काल केलं. कागदी लिंबाचा रस ६० मिली, संत्र्याचा ४०. पाणी, साखर ताईंच्या मापाने. साल एका संत्र्याची आणि एका लिंबाची. संत्र्याची साल सैल असते, सोललेल्यावर किसणी चालत नाही, अख्ख्या फळावरच किसा आणि मग सोला. बाजारातल्या फळाला चकाकी असेल तर आधी कोमट पाणी आणि मिठाने खसखसून धुवा. संत्र्याचा आंबिया बहार (हंगाम) आत्ता आहे, उशीर करू नका.

युझू कसा लागतो मला माहीत नाही, त्यामुळे तसंच झालं असा दावा नाही. पण सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

---

कोकणकन्या

संत्रं गोडाकडे नेतं. माझं मत महाळुंगाला. साल हेच फळ, रस नावाला, आणि वासाला तोड नाही. धाग्यातलं वर्णन वाचून पहिलं तेच डोळ्यासमोर आलं.

---

दुपारचाचहा

ईडलिंबू नाही का चालणार? आमच्याकडे परसात आहे, लोणच्यापलीकडे काही होत नाही.

---

कोकणकन्या

रसाला ईडलिंबू, सालीला महाळुंग. पण ईडलिंबाचा पांढरा भाग कडू असतो, किसताना हात हलका ठेवा. माझ्या आईचा हात जड, म्हणून आमचं लोणचं वर्षभर मुरल्याशिवाय तोंडात धरवत नसे.

---

निशिकासाईकर

महाळुंगाचा अंदाज मला पटतोय. आईला सांगून करून बघायला हवं. आपली लिंबं युझूपेक्षा जास्त आंबट असतात, त्यामुळे रस १०० ऐवजी ७० मिलीवर थांबा आणि उरलेलं माप पाण्याने भरा.

---

टोपणनाव_सुचेना

माझी फजिती वाचा. भाऊ ओसाकाहून आला, त्याने एक चिमुकली बरणी दिली, वर युझूचं चित्र. मी समजले मुरंबा. लिंबू सॉर्बेत दोन चमचे फेटून घातला. पहिला घास माझ्या लेकाने घेतला आणि नळाकडे पळाला.

---

निशिकासाईकर

अरे देवा, युझू कोशो! हिरवी मिरची, युझूची साल, मीठ, एकत्र वाटून मुरवलेलं. म्हणजे ठेचाच. गंमत अशी की जपानीत ‘कोशो’ म्हणजे मिरी, पण दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर जुन्या बोलीत मिरचीलाच कोशो म्हणतात, आणि हा प्रकार तिथलाच. सॉर्बेत नको, पण गरम भात-पिठल्याबरोबर टोकभर घेऊन बघ. सासरे त्यावरच आहेत सध्या.

---

बाटलीबहाद्दर

मला हे सगळं जरा जास्तच सोवळं वाटतंय. रसाची बाटली मिळते, शंभर टक्के युझू. मी सिंगापुरात तीच आणतो. कोण बसलंय बावीस बिया काढत?

---

निशिकासाईकर

रसासाठी बाटली चालेलच, मीही उन्हाळ्यात तीच वापरते. पण नुसत्या बाटलीवर केलंत तर चव माझ्या विटेच्या जातीची होईल, फक्त मऊ. बाटली आणि वर थोडी खरी साल, असं करा. आजी युझूच्या हंगामात पाच-सहा अख्खी फळं गोठवून ठेवतात आणि लागेल तशी फ्रीजरमधून काढून कडक असतानाच किसतात. उरलेलं परत आत. गोठलेलं फळ उलट जास्त छान किसलं जातं.

बाटलीवरून आठवलं. कोचीच्या डोंगरात उमाजी नावाचं गाव आहे, वस्ती हजाराच्याही आत. आधी लाकूडतोडीवर जगायचं, तो धंदा बसला, मग युझूवर उभं राहिलं. त्यांचं मध घातलेलं युझूचं सरबत जपानभर पोचलंय.

---

भोचकभवानी

थांबा. उमाजी??

---

खडेमीठ

नरवीर उमाजी नाईकांचं गाव जपानात निघालं!

---

निशिकासाईकर

मलाही नकाशात पाहून तसंच वाटलं होतं. उमा म्हणजे घोडा, जी म्हणजे वाट. घोडवाट.

---

भोचकभवानी

तरीही नाईकांना शोभेल असंच आहे.

---

वाचकमात्र

ताई, येताना चार फळं आणाल का? पुण्यात गच्चीवर बी लावून बघतो.

---

निशिकासाईकर

ताजी फळं विमानातून आणायची म्हणजे परवानग्या-कागदपत्रं, मी त्या फंदात पडत नाही. आणि बीचं म्हणाल तर इथं म्हण आहे: पीच आणि चेस्टनट तीन वर्षं, पर्सिमॉन आठ, आणि महामूर्ख युझू अठरा वर्षं. फळ धरायला लागणारी वर्षं आहेत ती. बागायतदार काराताची नावाच्या काटेरी लिंबूवर्गीय झाडावर कलम बांधतात, मग काही वर्षांतच फळ मिळतं. झाडाला काटे असे की आजींचे भाऊ जाड कातडी हातमोजे घालून तोडणी करतात.

---

वाचकमात्र

अठरा वर्षांनी मी ७९. लावतोच.

---

कोकणकन्या

त्या बावीस बियांचं काय केलं? मुरंब्यात आम्ही बिया फडक्यात बांधून सोडतो, दाटपणा येतो.

---

निशिकासाईकर

तो मोह मलाही झाला. एका खेपेला पुरचुंडी पाकात सोडली. दाटपणा आला थोडा, पण कडवटपणा असा उतरला की साखरेलाही दबला नाही. परत नाही. आजी बिया शोचूत भिजत घालतात, आठवड्याभरात ते बुळबुळीत होतं, थंडीत हाताला लावतात. माझ्या भेगांना उपयोग झाला का? वास तरी चांगला येतोय.

---

फेणीवाला

बिया शोचूत. म्हणजे त्या घरात शोचू नेहमी असते. आजींना माझा नमस्कार सांगा.

---

संत्रानगरी

अपडेट: महाळुंग मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला संत्र्याचा रस २० मिलीवर आणला आणि साल दोन संत्र्यांची घेतली. कोकणकन्या यांचं बरोबर होतं, पहिलं गोडाकडे गेलं होतं. हे जास्त धारदार आहे. दोन दिवसांनी डबा कडक होतो, वाढायच्या आधी दहा मिनिटं ओट्यावर ठेवावा लागतो.

---

निशिकासाईकर, २२ डिसेंबर

काल तोजी. सहा युझू टबात, सासरे पाऊण तास बाहेर येईनात.

त्याआधी दुपारी एक युझुगामा भरून आजींना खाली देऊन आले. त्यांनी दारातच उभ्या उभ्या एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, “आता साल आहे.” बाकी काही नाही.

इथं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे ती सालीची वाटी काहीतरी भरून येणार म्हणून मी वाट बघत होते. आज जिन्यात भेटल्या तेव्हा विचारलं. रात्री त्यांच्याही टबात युझू होते. सॉर्बे खाऊन झाल्यावर वाटीही त्यांनी त्यातच सोडली होती.

---

दुपारचाचहा

फोटो?